‘हिचं काय चुकलं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

गोष्ट ऑक्टोबर २०२१ मधली. रविवार होता. इथे त्सुकुबात रात्रीचे साडेनऊ, तिकडे साताऱ्यात संध्याकाळचे सहा. ताईचा नेहमीचा फोन आला. पाऊस, भाच्याचं कॉलेज, सासूबाईंचा गुडघा असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “अगं, गाठ परत आलीय. त्याच बाजूला, टाक्यांच्या जवळच.”

२०१७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिच्या डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली होती. स्तन पूर्ण न काढता फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढला होता. चार वर्षांनी रोग उलटला होता.

पुढच्या आठ दिवसांत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कारणांची रांग लागली. नोकरीची दगदग सोडली नाही म्हणून. मनात फार धरून ठेवते म्हणून. न्यू जर्सीतल्या एका चुलत दिरांनी (ते इंजिनिअर आहेत) साखरेवर दोन व्हिडिओ पाठवले. एका आत्याला आठवलं की ताई २०१९ मध्ये माझ्याकडे जपानला आली होती आणि इथे रोज टोफू खात होती. सोयाबीनमध्ये म्हणे हार्मोन असतात. एका काकांचं मत, मुळात चाकूच लावायला नको होता, चाकू लागला की रोग पसरतो.

या सगळ्या कारणांत एक गोष्ट समान होती. दोष ताईत होता. तिच्या खाण्यात, तिच्या स्वभावात, तिच्या नोकरीत. २०१७ च्या पॅथॉलॉजी रिपोर्टात काय लिहिलं होतं, असं मात्र एकानंही विचारलं नाही.

मीही चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी रेणवीय जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली, रोज प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी बाई. आज लिहायला बसले आहे ती रागानं, आणि त्या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

फायलीत काय होतं

भाच्याला सांगून फायलीच्या पानांचे फोटो मागवले. वाचायला वीस मिनिटं लागली. त्यात अगदी साध्या चार गोष्टी होत्या.

एक, काखेतल्या दोन ग्रंथींपर्यंत रोग पोचला होता, आणि गाठ हार्मोनवर वाढणारी होती. दोन, काढलेल्या भागाच्या एका कडेपर्यंत कर्कपेशी पोचल्या होत्या. तिथला आणखी थोडा भाग पुन्हा काढावा, असा सल्ला होता. तीन, केमोनंतर पूर्ण स्तनाला पंचवीस दिवस शेक आणि गाठीच्या जागेला वर थोडा जादा शेक द्यायचा होता. चार, टॅमॉक्सिफेनची गोळी किमान पाच वर्षं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. ‘पुन्हा चाकू नको’ असं घरानं ठरवलं. केमो पूर्ण झाली. शेकासाठी पुण्याला जायचं होतं, पाच आठवड्यांहून जास्त दिवस, शनिवार-रविवार सोडून रोज. भाचा दहावीत, सासूबाईंना उठता येत नाही, दाजींची रजा संपलेली. ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ असं ठरलं आणि ते राहून गेलं. गोळी तिनं सव्वा वर्ष घेतली. अंगातून वाफा निघायच्या, झोप लागायची नाही, पाळीचा घोळ झाला. त्याच सुमारास तिच्याकडे एक ‘नैसर्गिक’ पर्याय आला, सुरेख डब्यात. ॲगरिकस नावाच्या मश्रूमची पावडर.

ती पावडर जपानहून मी पाठवली होती. इथल्या औषधांच्या दुकानात समोरच मांडलेली असते. ‘घेतली तर घेतली, अपाय काय होणार?’ असा विचार करून तीन डबे पार्सल केले. ताई नंतर मला म्हणाली, “तू शास्त्रज्ञ. तू पाठवलंस म्हणजे त्यात काहीतरी असणारच असं वाटलं. मग गोळी बंद केली.”

माहीत असलेल्या गोष्टी

आधी एक सावधगिरी. एका बाईच्या बाबतीत ‘याच कारणानं रोग उलटला’ असं कुणीही सिद्ध करू शकत नाही. सगळं यथासांग करूनही काहींचा उलटतो, आणि काही न करता काहींचा उलटत नाही. पण हजारो स्त्रियांचा पन्नास वर्षांचा अनुभव नोंदलेला आहे, आणि कोणत्या गोष्टींनी धोका वाढतो हे गुपित राहिलेलं नाही.

कडेचंच घ्या. काढलेल्या भागाला बाहेरून शाई लावतात, मग त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कर्कपेशी शाईला टेकलेल्या दिसल्या, तर आत काही उरलं असण्याची शक्यता मोठी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या शल्यविशारदांच्या आणि रेडिएशनतज्ज्ञांच्या संघटनांनी ३३ अभ्यास, २८ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून निष्कर्ष काढला: कडेला शाईपाशी कर्कपेशी असतील तर त्याच स्तनात रोग परतण्याचा धोका किमान दुप्पट होतो. आणि शाईपाशी पेशी नसतील, तर आणखी रुंद भाग कापून विशेष फायदा होत नाही.

शेकाचं घ्या. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत, वीस वर्षांनंतर, नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला होता. गाठ काढून शेक घेतलेल्यांत १४.३ टक्के. २०११ मध्ये अशा १७ चाचण्यांतल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. शेकामुळे दहा वर्षांत कुठेही रोग परतण्याचं प्रमाण ३५ वरून १९.३ टक्क्यांवर आलं आणि पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर आले. म्हणजे रोगाचं परतणं चार जणींत टाळलं, तर साधारण एकीचा जीव वाचतो.

वयाचं घ्या. तरुण वयात धोका जास्त. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांमध्ये वीस वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण ३६ टक्के होतं. गाठीच्या जागेला जादा शेक दिला त्या गटात ते २४.४ टक्के झालं. याखेरीज काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलेला रोग, गाठीची श्रेणी, रक्तवाहिन्यांत शिरलेल्या पेशी, हार्मोनला दाद न देणाऱ्या गाठी, हे सगळं मोजलं जातं आणि सगळं रिपोर्टात लिहिलेलं असतं. गोळीचं महत्त्व तर उघड आहे. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींत पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेननं पहिल्या पाच वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं आणि पंधरा वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात.

हे आकडे जुन्या काळातल्या रुग्णांचे आहेत. आजची औषधं आणि तपासण्या यांमुळे ते बरेच खाली आले आहेत. त्यामुळे आकडे वाचून कुणी घाबरू नये. पण ते खाली आले ते उपचार पूर्ण केल्यामुळे, हे विसरू नये.

आणि आत्याबाईंचा टोफू? शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये रोग परतण्याचं प्रमाण उलट कमी होतं. टोफू औषध आहे असं यावरून म्हणता येत नाही, पण आरोपीच्या पिंजऱ्यातून त्याला सोडायला हरकत नाही. मनातल्या ताणामुळे रोग उलटतो याला भक्कम पुरावा नाही. वजन आणि मद्य यांचा थोडा संबंध दिसतो, तो नाकारायचं कारण नाही. पण कडेला राहिलेल्या पेशी सोडून जेवणाच्या ताटावर चर्चा करणं म्हणजे छप्पर गळत असताना उंबरा पुसत बसणं आहे.

जपानात तरी वेगळं काय?

‘जपान पुढारलेला देश, तिथं असं होत नसेल,’ असं आपल्यापैकी अनेकांना वाटेल. मलाही वाटायचं. जपानमधल्या ३,१०० कर्करुग्णांची एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४.६ टक्के लोक उपचारांबरोबर कसलं ना कसलं पूरक ‘औषध’ घेत होते आणि त्यांत पहिला क्रमांक ॲगरिकसचा होता. त्याच वर्षी ‘ॲगरिकसनं कर्करोग बरा झाला’ अशा छापाच्या पुस्तकाआडून जाहिरात केल्याबद्दल एका प्रकाशनसंस्थेशी संबंधित लोकांना अटक झाली. २००६ मध्ये एका ॲगरिकस उत्पादनानं प्राण्यांत कर्करोगाला चालना मिळू शकते असं दिसल्यावर आरोग्य मंत्रालयानं त्याची विक्री थांबवायला सांगितली. हे सगळं जपानी वर्तमानपत्रांत छापून आलेलं. मी डबे पाठवले ते त्यानंतर बारा वर्षांनी.

याहून बोलकी आहे ती डॉ. माकोतो कोंदो यांची कहाणी. केइओ विद्यापीठातले हे रेडिएशनतज्ज्ञ. १९८८ मध्ये त्यांनी ‘बुंगेइ शुंजू’ या मासिकात लेख लिहिला की स्तनाचा कर्करोग पूर्ण स्तन न काढताही बरा होतो. तेव्हा जपानी शल्यविशारद सरसकट पूर्ण स्तन काढत असत. कोंदो बरोबर होते. डॉक्टरमंडळींनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं, २०१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते व्याख्यातेच राहिले. पण जपानी स्त्रियांना निवडीचा हक्क मिळण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

मग १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. नावाचा अर्थ साधारण असा: ‘रुग्णांनो, कर्करोगाशी लढू नका’. त्यांचा सिद्धान्त असा की कर्करोग दोनच प्रकारचे. खरा कर्करोग सापडतो तेव्हा शरीरभर पसरलेलाच असतो, म्हणून उपचार व्यर्थ. आणि नुसता तसा दिसणारा जिवावर उठतच नाही, म्हणून उपचार अनावश्यक. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्याच वर्षी त्यांना मानाचा किकुची कान पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये ते वारले.

मित्रहो, हा सिद्धान्त आपल्या ओळखीचा नाही का? जे व्हायचं ते आधीच ठरलेलं आहे, तुम्ही काही केलंत तरी फरक पडत नाही. आपल्याकडे याला प्राक्तन म्हणतात. कोंदोंनी त्याला पांढरा कोट घातला इतकंच. आणि त्याचं उत्तर त्यांच्याच विषयात, शेकाच्या आकड्यांत होतं. सगळं आधीच ठरलेलं असतं, तर नुसत्या स्तनाला शेक दिल्यानं पंधरा वर्षांनंतरचे मृत्यू कमी झालेच नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकारानं १,६०० स्त्रियांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या अगदी आधी गाठीभोवती साधं, स्वस्त भूल देणारं इंजेक्शन दिलं, तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. स्तनापाशी, त्या टेबलावर काय घडतं यानं फरक पडतो.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगायला हवी. ‘सगळं काढून टाका, मग काळजी नाही.’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉलस्टेड यांनी रुजवलेला हा विचार. मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. स्तन वाचवून शेक दिलेल्यांत ८.८ टक्के जणींना त्याच स्तनात रोग परतला, पूर्ण स्तन काढलेल्यांत २.३ टक्के जणींना त्या जागी. मृत्यूचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. म्हणजे पूर्ण काढल्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही आणि आयुष्य वाढत नाही. काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत रोग असेल, तर पूर्ण स्तन काढूनही शेक न घेतलेल्या जणींत दहा वर्षांत त्या भागात रोग परतण्याचं प्रमाण २०.३ टक्के दिसलं. शेक घेतलेल्यांत ३.८ टक्के. ‘आता स्तनच नाही, तर शेक कशाला?’ या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

मग चुकलं कुणाचं?

इथवर वाचून कुणी म्हणेल, ‘म्हणजे शेक घेतला नाही, गोळी बंद केली, तिचंच चुकलं की!’ हेच मला नको आहे. टोफूच्या जागी शेक ठेवून पुन्हा तिलाच दोषी धरायचं असेल तर इतकं लिहून उपयोग नाही.

पुण्याला जायचं नाही हा निर्णय ताईनं घेतला नव्हता. तो घराच्या वेळापत्रकानं घेतला. आजार तिचा, पण दहावी मुलाची, गुडघा सासूबाईंचा, रजा दाजींची, आणि या सगळ्यांतून उरलेली जागा तिची. शेकाचं यंत्र शंभरावर किलोमीटर लांब असणं हा तिचा अपराध नव्हता. कडेला पेशी राहिल्या म्हणजे काय, हे तिला मराठीत कुणी सांगितलं नव्हतं. गोळीच्या वाफांवर उपाय आहेत, हेही नाही. अमेरिकेत, विमा असलेल्या ८,७६९ स्त्रियांच्या अभ्यासातही हार्मोनचं औषध ठरलेल्या काळापर्यंत नीट घेणाऱ्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. म्हणजे प्रश्न एकीच्या आळसाचा नाही. बाईच्या त्रासाला ‘होतंच असं’ म्हणून सोडून देण्याचा आहे.

‘तिला सगळं सांगितलं तर ती खचेल,’ असं दाजी म्हणाले होते. जपानातही १९९० च्या दशकापर्यंत रुग्णाला कर्करोगाचं नाव न सांगता घरच्यांना सांगण्याची सर्रास पद्धत होती. आज इथे रुग्णाला समोर बसवून सांगतात. त्यानं जपानी बायका खचून गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या मात्र पाहिल्या आहेत.

आणि आपण, परदेशात राहणारे शिकलेले लोक? आपण पैसे पाठवतो, पार्सलं पाठवतो, सल्ले आणि व्हिडिओ पाठवतो. पुण्यात सहा आठवड्यांची भाड्याची खोली आणि साताऱ्याच्या घरी स्वयंपाकाला एक बाई, हा खर्च माझ्या एका विमान तिकिटाएवढा झाला असता. मला तो सहज झेपला असता. मी विचारलंच नाही, कारण पार्सल पाठवून मी माझं कर्तव्य केलं होतं.

आता शेक पूर्वीइतका लांबत नाही. अनेक ठिकाणी पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे पुरतात. ब्रिटनमध्ये ४,०९६ रुग्णांवर झालेल्या चाचणीनं २०२० मध्ये दाखवलं की योग्य रुग्णांत आठवड्याभरात पाच वेळा दिलेला शेक रोग रोखण्यात तीन आठवड्यांच्या शेकापेक्षा कमी पडत नाही. पण तो आठवडा तिला मिळण्यासाठीही कुणीतरी घर सांभाळलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती. तुमच्या घरात, ओळखीत कुणाच्या स्तनातली गाठ काढली असेल, तर येत्या रविवारी फोनवर हे पाच प्रश्न विचारा. तिला विचारा, तिच्या नवऱ्याला नव्हे.

१. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कुठे आहे? फोटो पाठवतेस का?
२. कडा मोकळ्या आहेत का? नसतील, तर डॉक्टर पुढे काय म्हणाले?
३. शेक सांगितला आहे का? किती दिवस, आणि थोडक्या दिवसांचा चालेल का, असं विचारलंस का?
४. गोळी चालू आहे का? तिचा त्रास होतो का, आणि तो डॉक्टरांना सांगितलास का?
५. तेवढे दिवस घरचं कोण बघणार, आणि त्यासाठी मी काय करू?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या चारांची उत्तरं डॉक्टर देऊ शकतात, पाचव्याचं आपल्यालाच द्यावं लागेल.

२०२१ मध्ये ताईचा तो स्तन पूर्ण काढावा लागला. रोग इतरत्र पसरलेला नव्हता. या वेळी तिनं पुण्यात राहून शेक पूर्ण केला. भाचा घरी स्वयंपाक करायला शिकला, दाजी भांडी घासायला शिकले. ती आता रोज गोळी घेते. वाफा अजून येतात, डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला गाठ निघाली. ताई तिच्याकडे गेली, रिपोर्ट मागून घेतला, आणि मला फोटो पाठवून खाली लिहिलं:

“यातली कडा मोकळी आहे का बघ. आणि पार्सल काही पाठवू नकोस.”